मापाचे कपडे

आक्कांनी दारातूनच भावाला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत निकाल देऊन टाकला.

"अरे बाळ्या, छान दिसतोयस की! या पोरीने फोनवर मला नुसतं घाबरवून सोडलं होतं."

सहासष्टाव्या वर्षी त्यांना 'बाळ्या' म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते घरात आलं की बाबांची, या म्हाताऱ्या शिंप्याची, मान आपोआप ताठ व्हायची. त्यांनी कोटाच्या पुढच्या कडा दोन बोटांनी हलकेच खाली ओढल्या. राखाडी कोट खांद्यापासून कमरेपर्यंत कसा अंगाबरोबर बसला होता. कुठे चुणी नाही, कुठे ढिलाई नाही. आठ महिन्यांपूर्वी पोट उघडून ज्याच्या स्वादुपिंडाचा अर्धा भाग, त्याला चिकटलेलं आतडं, पित्ताशय आणि जठराचा तुकडा काढून टाकला, तो माणूस असा दिसत असेल तर काळजी करायची कशाला?

"कोट नवा काय?" आक्कांनी विचारलं.

"जुनाच आहे. चांगलं कापड दगा देत नाही, आक्का."

"माणसं देतात," आक्का म्हणाल्या, आणि सगळे हसले.

स्वयंपाकघराच्या दारात पेले पुसत उभी असलेली थोरल्या मुलाची बायको, घरची सून, तेवढी हसली नाही. तो कोट तिने नऊ दिवसांपूर्वी चौथ्यांदा उसवून शिवणीत आत घेतला होता.

आजची रविवारची बैठक चिमीने बोलावली होती. चिमी म्हणजे धाकटी लेक. शाळेत विज्ञान शिकवायची, आणि घरी फळा नसला तरी शिकवायची. उद्या सकाळी दहाला सर्जनबाईंनी बोलावलं होतं: स्कॅन, रक्त, वजन. दोन महिन्यांपूर्वीची तपासणी बाबांनी 'हातात तीन सूट आहेत' म्हणून बुडवली होती, आणि उद्याचीही बुडवायची असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. जायचं की नाही, एवढाच प्रश्न. पण या घरात 'एवढाच प्रश्न' असला की त्याला अख्खा दिवस लागतो.

ते ऑपरेशन कुणीच विसरलं नव्हतं. आत शिवलेल्या जोडातून रस झिरपायला लागला तेव्हा दहा दिवसांचे तेवीस दिवस झाले. पोटातून बाहेर आलेल्या नळीत आज काय रंगाचं पाणी आलं, हेच घरात एकमेकांना विचारायचं बोलणं होऊन बसलं. घरी सोडताना सर्जनबाई पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या होत्या, "माझं काम झालं. आता उरलेलं ऑपरेशन तुमचं घर करणार. एवढं मोठं काढून टाकल्यावर वर्षभराने माणूस कसा आहे, ते टाक्यांवरून कळत नाही. तो काय खातो, खाल्लेलं अंगी लागतं का, आणि वेळेवर मला तोंड दाखवतो का, यावरून कळतं."

तोंड दाखवण्याचंच तर भांडण होतं.

"वहिनी, आज तू बोलायचंस हं," बटाटे सोलता सोलता चिमी हळू आवाजात म्हणाली. "दादा बाबांच्या बाजूचा. आत्या तर काय, बाळ्या म्हणेल ती पूर्व. आई देव पाण्यात घालून बसलीये, ती कुणाच्याच बाजूची नाही. राहिलीस तू. दिवसभर दुकानात तू असतेस त्यांच्याबरोबर. खरं सांग, बरे आहेत ना ते?"

सून सूप ढवळत राहिली. "दाढी वाढवलीय ना, चेहऱ्यावरून नीट कळत नाही."

"मी दाढीचं नाही विचारत."

"अगं, जेवतात ना आता नीट," ओट्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. "डबा धुतल्यासारखा रिकामा येतो रोज. मी तेवढ्यावरच श्वास घेतेय."

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाईंनी मनाशी एक नेम धरला होता. ते जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. कुणाला सांगितला नव्हता, म्हणून सगळ्यांना माहीत होता. ते दुपारी उशिरा घरी येत आणि म्हणत, "माझं दुकानाबाहेर कट्ट्यावर बसून झालं, तू घे." मग त्या हात धुऊन, डोळे मिटून क्षणभर पुटपुटत आणि एकट्या ताटावर बसत.

"जेवतात हे खरं," त्या आता म्हणाल्या, "पण चाळीस वर्षं समोर माणूस असायचं गं. मीठ कमी झालं की भुवई वर करायचं. आता मीठ कमी आहे की जास्त, तेही मला कळेनासं झालंय."

सुनेने गॅस बारीक केला. तिला एकाएकी स्वयंपाकघर लहान वाटायला लागलं.

तो डबा कुठे जातो हे तिला माहीत होतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला शर्टाचं बटणसुद्धा सरळ लावता येत नव्हतं. वडील म्हणून तिच्या वाट्याला एक फोटो आला होता, तोही आखूड बाह्यांच्या शर्टातला. सासऱ्यांनी तिला दुकानात नेलं, उसवायला शिकवलं, मग शिवायला, आणि अकराव्या वर्षी कात्री हातात दिली. त्या दिवसापासून ते तिला नावाने हाक मारत नाहीत, 'कारागीर' म्हणतात. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून एकच निघाला, आणि तो हाच.

केमोने त्यांच्या बोटांची टोकं बधिर करून टाकली. सुई टोचली तरी कळेना. तेव्हाच एका सकाळी त्यांनी दुकानाचा पडदा ओढला, आरशासमोर उभे राहिले आणि दोन्ही हात अंगापासून दूर धरले.

"कारागीर, टेप घे."

तिने कमरेला टेप लावला. अडतीसची कमर छत्तीसला आली होती. तिने वर पाहिलं.

"आत घे," ते म्हणाले. "खांद्याला आतून थोडी कॅनव्हासची भर घाल. आणि हे लिहायचं नाही."

"बाबा, घरी..."

"गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. मग तो त्याचा सख्खा भाऊ का असेना. हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवलंय."

शिकवलं होतं. या दुकानाचे नियम तिच्या सासऱ्यांच्याही वडिलांनी, आबांनी घालून दिले होते. कापडाजवळ तोंड हलवायचं नाही, तोंडात गेली तर टाचणी जाईल, घास नाही. दिलेली तारीख मोडायची नाही. आणि कुणाचं माप फोडायचं नाही.

मग दर काही आठवड्यांनी पडदा ओढला जाऊ लागला. अर्धा तास. ती टाचण्या लावायची आणि ते, एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारे, आरशात बघत बोलत राहायचे. "भूक आठवते बघ मला," ते एकदा म्हणाले होते. "बायकोची, पोरांची आठवण यावी तशी. अकरा वाजले की मशिनच्या आवाजावरून ती ऐकू यायची. आबा ओरडायचे, पोटाला गप्प कर, गिऱ्हाईक आहे. आता बोलावली तरी येत नाही. गेली ती गेलीच. निरोपसुद्धा न घेता."

हे घरी सांगायला हवं, हे तिला त्या प्रत्येक वेळी कळत होतं. आणि प्रत्येक वेळी तिने सांगितलं नाही. माप फोडायचं नाही हे एक कारण झालं. दुसरं कारण तिने स्वतःपाशीही कधी धड उच्चारलं नव्हतं: त्या अर्ध्या तासाची ती वाट बघायला लागली होती. हात पसरून आपल्यासमोर उभं असलेलं, आपल्याशी बोलणारं वडीलधारं माणूस. ते किती बारीक होत चाललंय हे तिच्या इतकं कुणी जवळून पाहिलं नव्हतं, आणि तरी तिला ते पुन्हा पुन्हा हवं होतं.

"वहिनी, सूप उतू चाललंय!" चिमी ओरडली.

जेवायला सगळे एकाच टेबलाभोवती बसले. बाबा कडेच्या खुर्चीवर, अंगात कोट. 'थंडी वाजते' म्हणून घरातही तो अंगावरच असायचा. त्यांच्यासमोर वाटीभर सूप होतं, आणि ते त्यात चमचा फिरवण्याचं काम मोठ्या निष्ठेने करत होते.

"मी सरळ मुद्द्यावर येते," चिमी म्हणाली.

"तू कधी वाकड्या मुद्द्यावर आलीस?" थोरला म्हणाला. तो पाणीपुरवठ्यात होता. फुटलेल्या जलवाहिन्यांचे फोन दिवसभर घेऊन त्याला घरी कुठलाच फोन, कुठलीच गळती नकोशी व्हायची. "बाबा चालतात, फिरतात, दुकान उघडतात. परत त्यांना त्या यंत्रात घालायचं, परत सुया टोचायच्या. आणि समजा काही निघालं, तर?"

"निघालं तर लवकर कळेल."

"कळून काय करणार आहेस? मला..." तो थांबला. पावाचा तुकडा त्याने उगाच दोनदा मोडला. "मला ते तेवीस दिवस परत नको आहेत, चिमे. बस्स."

"मी सांगू?" आक्का म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस डोळ्यांसमोर ठणठणीत बसलाय. कशाला विषाची परीक्षा?"

"मूठ झाकून ठेवली की आत काय चाललंय ते कळत नाही, आत्या."

"तोंड बघा हिचं! अगं, शाळेत पोरं कशी ऐकून घेतात तुझं?"

"त्यांना मार्क हवे असतात."

बाबांना हसू आलं. "भांडू नका रे. मतदान घ्या." मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हात किंचित पसरले, दुकानात एखाद्या नवरदेवाला आरशासमोर उभं करावं तसे. "माझं सोडा. माझ्या कोटाला विचारा. तीन वर्षांपूर्वी शिवलेला कोट आहे. मी वाळलो असतो तर हा माझ्या अंगावर लोंबला असता की नाही? बघा, एक तरी चुणी दिसतेय का?"

सगळ्यांनी कोटाकडे पाहिलं. शिंप्याच्या घरात तीन पिढ्या वाढलेली माणसं. या घरात माणूस खोटं बोलू शकतो हे मान्य होतं, कापड बोलू शकत नाही. चिमीच्याही चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका आली.

"ते... ते खरं आहे," ती म्हणाली. "कोट तर बसलाय."

आणि मग सासूबाई बोलल्या. इतके महिने कुणाच्याच बाजूने न बोललेल्या सासूबाईंचा आवाज सुटल्यासारखा झाला. "मग नकोच ना जायला उद्या? अहो, मी सकाळपासून देवाला तेवढंच मागतेय, की काहीतरी दाखव आणि सांग मला की हे बरे आहेत." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि हसल्या. "नको जाऊया. घरीच राहा उद्या."

सुनेने ते हसू बघितलं. अजून थोडा वेळ गप्प बसलं की झालं, हे तिला कळत होतं. ताटं उचलली जातील, आक्का झोपतील, उद्याची वेळ फोन करून रद्द होईल. आणि काही आठवड्यांनी पुन्हा पडदा ओढला जाईल.

"तो कोट मी आत घेतलाय," ती म्हणाली.

कुणाला नीट समजलं नाही. आक्कांनी तर पावाची टोपली पुढे केली.

"चार वेळा घेतलाय," ती पुढे म्हणाली. "पँटही. कमरेला सहा इंच. छातीला पाच. खांद्यात आतून भर घातलीय."

"कारागीर," बाबा म्हणाले. रागाने नाही. फार हळू. "माप फोडलंस."

"हो, बाबा."

थोरल्याची खुर्ची मागे सरकली. "तू? चार वेळा? रोज माझ्याशेजारी झोपतेस, आणि मला एका शब्दाने... बायको आहेस का शिंपीण?"

"दोन्ही," ती म्हणाली. "तिथेच घोळ झाला."

"वा गं वा!" आक्का उसळल्या. "कानामागून आली आणि तिखट झाली! सख्ख्या बहिणीला पत्ता नाही, पोटच्या पोरांना पत्ता नाही, आणि हिच्यापाशी भावाच्या कमरेचा हिशेब!"

सासूबाई मात्र सुनेकडे नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि डबा?"

याच प्रश्नाची तिला भीती होती. "बाजूच्या इस्त्रीवाल्याला देतात, आई."

"रोज?"

"रोज. त्याचे दोन शर्ट मी सैल करून दिले गेल्या महिन्यात."

चिमीच्या तोंडून एकदम हसू फुटलं, आणि फुटल्या फुटल्या त्याचं रडू झालं. तिने तोंडावर हात दाबला. सासूबाई हसल्याही नाहीत, रडल्याही नाहीत. आपलं अजून न उष्टावलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं. आठ महिने त्यांनी कुणाच्या जेवणावर जेवण केलं, ते त्यांना आत्ता कळलं होतं.

बाबा उठले. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला, आणि आता तो सगळ्यांना दिसला. त्यांनी कोटाची बटणं एकेक करून काढली. बधिर बोटांना वेळ लागत होता. थोरला मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी मानेने नको म्हटलं.

"कपडा चुकला की तो शिवणाऱ्यानेच उसवायचा असतो. कारागीर, टेप आण. मोठ्याने वाच. चिमे, तू लिही."

कोटाखालचा शर्ट अजून आत घ्यायचा राहिला होता. तो दांडीवर वाळत घातल्यासारखा त्यांच्या खांद्यांवरून लोंबत होता. आक्कांनी "अगं बाई" म्हणून तोंडावर पदर घेतला.

"छाती सदतीस," सून वाचू लागली. "कमर... एकतीस."

"बत्तीस होती," ते म्हणाले.

"नऊ दिवसांपूर्वी बत्तीस होती, बाबा."

"बरं. लिही चिमे, एकतीस."

"दंड आठ. मनगट..." इथे तिला वाचता येईना. थोरल्याने तिच्या हातातून टेप घेतला, वडिलांच्या मनगटाभोवती गुंडाळला आणि आकडा स्वतः वाचला. ते वाचताना तो वडिलांकडे नाही, बायकोकडे बघत होता, आणि त्या बघण्यात मघाचा राग उरला नव्हता.

"का, बाबा?" चिमीने विचारलं. "आम्हाला का नाही सांगितलंत?"

ते खुर्चीवर बसले. "माझ्या शेजारच्या पलंगावर ते मास्तर होते, आठवतात? माझ्यासारखंच ऑपरेशन, एकाच आठवड्यातलं. चार महिन्यांनी तपासणीला चालत गेले, स्कॅन झाला, आणि घरी आले ते पेशंट होऊन. त्यांची बायको सांगत होती, त्या दिवसापासून ते पुस्तकाला शिवले नाहीत. मी म्हटलं, जोवर बघत नाही तोवर मी शिंपी आहे." त्यांनी समोरची वाटी जरा दूर सारली. "ते परत आलंय, चिमे. मला माहीत आहे. खाल्लं की तासाभरात उठावं लागतं. सगळं तेलकट, जसंच्या तसं. पोटात काही राहतच नाही. मग खाऊ कशाला, आणि हिने रांधलेलं वाया कशाला घालवू? इस्त्रीवाल्याच्या तरी अंगी लागतंय."

"तेलकट?" चिमीने मान वर केली. तिचा आवाज बदलला होता. "बाबा, त्या कॅप्सूल घेताय ना तुम्ही? पाचक रसाच्या?"

"घेतो तर! एक दिवस चुकवलेला नाही. विचार तुझ्या आईला."

"मीच पाणी देते हातात," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी सातला, सहाच्या सहा. चांगलं कढत पाणी."

"सहाच्या सहा? एकदम? रिकाम्या पोटी?"

"मग? दिवसाला सहा असं सांगितलंय. दुकानात कुठे घेणार? तिथे तोंड हलवत नाही आपण."

चिमी उठून कपाटातून खोका घेऊन आली. आतला कागद कधी उघडलेलाच नव्हता, घडीवर घडी तशीच होती. तिने तो पसरला आणि वाचत गेली, मग खुर्चीत बसून त्याच्यावर कपाळ टेकलं.

"काय गं?" आक्का घाबरल्या.

"प्रत्येक जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. मोठ्या जेवणाला दोन. कढत पाण्याबरोबर घ्यायच्या नाहीत." तिने डोकं वर केलं. "बाबा, ही ताकदीची गोळी नाही. तुमचं स्वादुपिंड अन्नावर जो रस सोडायचं ना, तो रस आहे यात. पोटात अन्नच नसेल तर तो काय पचवणार, हवा? आणि नंतर जेवलात तर पचवायला रसच नाही. कितीही खाल्लंत तरी तसंच निघून जाणार."

सगळं घर त्या उघड्या खोक्याकडे बघत राहिलं.

"आठ महिने," थोरला म्हणाला.

"मी कढत पाणी देत होते," सासूबाई म्हणाल्या. "रोज. नेमाने."

"आई, तू कशी..."

"नेमाने," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी तो शब्द त्यांच्याच्याने पुरा झाला नाही.

आक्कांनी पदर खाली घेतला. मघापासून भावाच्या बाजूने किल्ला लढवणाऱ्या आक्का आता खुर्ची ओढून भावाच्या समोर बसल्या. "बाळ्या, आबांचा तो नियम कापडावर डाग पडू नये म्हणून होता रे. पोटावर उपास पाडायला नव्हता. ते असते तर त्यांनी मापाच्या गजाने सडकलं असतं तुला. उद्यापासून दुकानात तोंड हलवायचं. मी थोरली म्हणून सांगतेय."

"म्हणजे एवढंच होतं?" थोरल्याचा चेहरा एकदम उजळला. "नुसत्या गोळ्यांच्या वेळेचं? मग उद्या जायलाच..."

"दादा!"

"अरे, नाही," बाबा म्हणाले. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "एवढंच असेलही. नसेलही. दोन्ही असेल." मग ते सुनेकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कसं शिवायचं ते सांगितलं होतं, काय वाटतं ते विचारलं नव्हतं. "कारागीर, तुझं काय म्हणणं?"

ती अजून टेबलापाशीच उभी होती. "मला कपड्यातलं कळतं, बाबा. कपड्याच्या आतलं मला कळत नाही. मी तुम्हाला चार वेळा जवळून बघितलं, आणि चारही वेळा मला फक्त कापड दिसलं. ज्यांना आतलं दिसतं त्यांच्याकडे जाऊया. हा मापाचा कागद घेऊन."

त्यांनी मापाचा कागद उचलला, वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"दहा वाजता ना?" त्यांनी चिमीला विचारलं. "मग साडेनऊला निघावं लागेल. सगळे आलात तरी चालेल. आत एकालाच सोडतात, ते आपण तिथे भांडून ठरवू."

चिमीने दोन कॅप्सूल त्यांच्या हातावर ठेवल्या. सुनेने सूप पुन्हा गरम केलं, आणि मग आठवून जरा निवू दिलं. पहिला घास, मग कॅप्सूल, मग साधं पाणी. पाच माणसं एका माणसाच्या घशाकडे बघत होती. "तमाशा आहे का?" ते म्हणाले, तरी कुणी नजर काढली नाही. त्यांनी अर्धी वाटी संपवली. भूक नव्हतीच, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते कामासारखं जेवले, आणि मध्येच एकदा खिडकीकडे बघत थांबले, कुणाची तरी चाहूल लागतेय का ते ऐकत असल्यासारखे.

मग हळूहळू टेबल रिकामं झालं. आक्का आडव्या झाल्या. भावंडं बाहेरच्या खोलीत हॉस्पिटलची फाईल लावत बसली, जुने रिपोर्ट तारखेने, आणि त्यांचं 'हे आधी, ते नंतर' आतपर्यंत ऐकू येत होतं. सून ताटं घासून ओल्या हातांनी वळली आणि दारातच थांबली.

टेबलापाशी दोघंच होती. बाबा नुसत्या शर्टात उभे, आणि त्यांच्या अंगात कोट चढवायला म्हणून आलेल्या सासूबाई कोट हातात धरून तशाच समोर उभ्या. आठ महिने ते बाहेरच्या खोलीत निजत होते. सारखं उठावं लागतं, तुझी झोप मोडेल, म्हणून. सासूबाईंनी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. जरा बावरत, कुणी बघतंय का याचा विचार करायचं राहून गेल्यासारखं, त्यांनी दोन्ही हात नवऱ्याभोवती घातले.

ते मोठ्या घेराचे होते. चाळीस वर्षांत त्यांच्या पाठीमागे सासूबाईंच्या हातांची गाठ कधी पडली नव्हती. बोटभर अंतर कायम उरायचं, आणि त्यावरून त्या तरुणपणी त्यांना चिडवायच्याही. आता हात पाठीमागे भेटले. भेटून एकमेकांच्या पुढे गेले. उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट धरता आलं.

त्या काही क्षण तशाच राहिल्या, गाल त्यांच्या शर्टावर टेकून.

"इतकं जवळ नव्हतं हो यायचं मला," त्या म्हणाल्या.

आणि हात सोडले नाहीत.